सुरक्षेची प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना

फेब्रुवारी संपत आला की एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये सुरक्षा सप्ताहाची तयारी सुरू होते. 4 ते 10 मार्च. शपथ, बॅनर, घोषवाक्य स्पर्धा, आग विझवण्याचं प्रात्यक्षिक आणि प्रश्नमंजुषा, असा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. प्रश्नमंजुषा काढायचं काम सेफ्टी ऑफिसरकडे येतं, नाहीतर एचआरमध्ये नव्याने लागलेल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे. हाताशी वेळ थोडा असतो. मग मागच्या वर्षीची फाईल उघडायची, चार प्रश्न मागेपुढे करायचे आणि झेरॉक्सला द्यायचं. पहिला प्रश्न कागद न बघताही सांगता येतो: राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना केव्हा झाली? उत्तर, 4 मार्च 1966. दुसरा, राष्ट्रीय सुरक्षा दिन कधीपासून पाळला जातो? 1972 पासून. तिसरा, पीपीईचा फुल फॉर्म काय?

उत्तरं खरी आहेत आणि ती माहीत असायला हरकतही नाही. पण ज्याला ही तिन्ही उत्तरं येतात तो माणूस अमोनियाची लाइन फुटली तर कोणत्या बाजूला पळेल, हे त्यातून कळत नाही. ज्याला एकही येत नाही तो कदाचित अचूक बाजूला पळेल. आपल्याला जे जाणून घ्यायचं आहे ते या कागदावर कुठेच विचारलेलं नाही.

कारखान्यांतलं प्रशिक्षण मी बरीच वर्षं जवळून बघत आलो आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सगळ्यांना मला कळकळीने दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कामगाराला त्याच्या कामातला निर्णय विचारा. आणि त्याचं उत्तर चुकलं तर ती चूक त्याच्या नावावर मांडू नका, आपल्या कारखान्यात काय बिघडलंय याची ती खबर आहे असं समजून वाचा.

एक प्रश्न घेऊन बघू. "विंडसॉक कशासाठी असतो? (अ) पाऊस मोजायला, (ब) वाऱ्याची दिशा कळायला, (क) तापमान कळायला, (ड) वरीलपैकी सर्व." हा प्रश्न कोणीही चुकत नाही, आणि म्हणूनच तो विचारून काही हाती लागत नाही. तोच विषय असा विचारा:

"तुम्ही बॉयलर हाऊससमोर आहात. चिलिंग प्लांटकडून अमोनियाचा उग्र वास येतोय, डोळे चुरचुरतायत. विंडसॉकचं शेपूट गेट नंबर 2 कडे उडतंय. तुमचा असेंब्ली पॉइंट गेट नंबर 2 लाच आहे. काय कराल? (अ) ठरल्याप्रमाणे गेट नंबर 2 ला जाईन. (ब) वाऱ्याला आडवा जाऊन आधी गॅसच्या पट्ट्यातून बाहेर पडेन, मग वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या असेंब्ली पॉइंटला जाईन. (क) गळती नेमकी कुठे आहे ते बघायला चिलिंग प्लांटकडे जाईन."

हा प्रश्न पंचवीस-तीस जणांना विचारून बघा. बरेच जण (अ) म्हणतील. त्यांचं चुकतंय असं म्हणायच्या आधी थांबा, कारण सायरन झाला की असेंब्ली पॉइंटला जायचं, हे आपणच त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं आहे. काही जणांना विंडसॉकचं शेपूट वारा जिकडून येतो तिकडे असतं असं वाटत असेल. प्रत्यक्षात वारा जिकडे वाहतो तिकडे शेपूट उडतं, म्हणजे गॅसही तिकडेच चालला आहे. एखादा मेंटेनन्सचा माणूस (क) म्हणेल, कारण गळती शोधून व्हॉल्व्ह बंद करणं हे आपलं काम आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. आणि मागे उभा असलेला एखादा जुना ऑपरेटर हात वर करून विचारेल, "साहेब, वरच्या बाजूला दुसरा असेंब्ली पॉइंट आहेच कुठे?"

हा शेवटचा सवाल आला तर तुमची प्रश्नमंजुषा सफल झाली. अनेक कारखान्यांत असेंब्ली पॉइंट एकच असतो, मेन गेटजवळ, आणि वर्षातून काही महिने वारा नेमका तिकडेच वाहत असतो. ही गोष्ट ऑडिटच्या अहवालात सापडेलच असं नाही, पण नीट विचारलेल्या एका प्रश्नाने ती सगळ्यांसमोर येते. फक्त असा प्रश्न विचारण्याआधी आपल्या ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅनशी तो ताडून बघा. प्लॅनमध्ये एक आणि प्रश्नाच्या उत्तरात दुसरं असं झालं तर कामगार दोन्हींवर विश्वास ठेवणार नाही.

असे प्रश्न डोक्यातून काढायला बसलं की सुचत नाहीत. ते शॉपफ्लोअरवर मिळतात. नियर मिसचं रजिस्टर काढा, फर्स्ट एडचं रजिस्टर काढा, गेल्या सहा महिन्यांत परत पाठवलेली वर्क परमिट बघा. कुठे बोट सापडलं, कोण गॉगल कपाळावर ठेवून ग्राइंडिंग करत होता, कोणाचं हॉट वर्क परमिट गॅस टेस्टची नोंद नसल्यामुळे अडलं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. मग रात्रपाळीच्या फिटरबरोबर चहा प्या आणि एवढंच विचारा: "नवा माणूस इथे पहिल्या महिन्यात काय चुकतो?" अशा दोन-चार गप्पांतून अख्ख्या वर्षाचे प्रश्न निघतात. आणि चुकीचे पर्याय कसे लिहायचे हेही तिथेच कळतं, कारण चुकीचा पर्याय तोच चांगला जो माणसं खरोखर करतात.

याचं उदाहरण बंदिस्त जागेचं देतो, कारण या एका विषयात चुकीच्या उत्तराची किंमत जीव ही आहे. टाकी, रिअॅक्टर, ईटीपीचा सम्प, सेप्टिक टँक, गटाराचं चेंबर. आपल्या राज्यात अशा जागी दरवर्षी माणसं मरतात, आणि बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा एकच गोष्ट असते: एक उतरला, बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने 1986 च्या आपल्या इशारापत्रात म्हटलं होतं की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले होते. आता या विषयावर नेहमीच्या प्रश्नपत्रिकेत काय असतं? "बंदिस्त जागेत ऑक्सिजनचं प्रमाण किमान किती असावं?" उत्तर 19.5 टक्के. आकडा गॅस टेस्ट करणाऱ्याला माहीत हवाच. पण टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हेल्परला हा आकडा काय सांगतो?

त्याला विचारायचं ते असं: "तुम्ही टाकीच्या मॅनहोलपाशी उभे आहात. आत उतरलेला तुमचा जोडीदार हाक मारली तर ओ देत नाही, खाली पडलेला दिसतोय. तुम्ही (अ) लगेच उतरून त्याला वर ओढाल, (ब) ओला रुमाल नाकातोंडाला बांधून उतराल, (क) उतरणार नाही, अलार्म द्याल, बीए सेट घातलेल्या रेस्क्यू टीमला बोलवाल आणि बाहेरूनच लाइफलाइनने ओढता येतं का बघाल."

यातला ओला रुमाल मी मुद्दाम घातला आहे. कितीतरी चांगल्या, अनुभवी कामगारांचा त्यावर विश्वास असतो आणि तो विश्वास अगदी निराधार नाही. 1984 मध्ये 2 आणि 3 डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट पसरला तेव्हा तोंडावर ओलं कापड धरा एवढं जरी लोकांना कोणी सांगितलं असतं तरी अनेक जण वाचले असते, असं जाणकारांनी नंतर वारंवार म्हटलं आहे. तो वायू पाण्याशी संयोग पावतो. टाकीत मात्र प्रश्न वेगळा आहे. तिथे हवेत अनेकदा पुरेसा ऑक्सिजनच उरलेला नसतो, आणि ओला रुमाल ऑक्सिजन तयार करत नाही. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते, शिडी धरायलाही वेळ मिळत नाही. एकच उपाय एका जागी प्राण वाचवू शकतो आणि दुसऱ्या जागी घेऊ शकतो. म्हणून प्रश्नात जागा पाहिजे, परिस्थिती पाहिजे. "ओला रुमाल उपयोगी असतो का? होय / नाही" असं विचारलंत तर दोन्ही उत्तरं धोक्याची आहेत.

आणि (अ) म्हणणाऱ्याला कधीही हसू नका. तो आपल्या मित्रासाठी उतरणार आहे. त्याला बाजूला घेऊन सांगा की तुझी माया खरी आहे, पण तू उतरलास तर बाहेरून मदत आणणारा कोणी राहत नाही आणि दोन घरं उघडी पडतात. हे बोलणं व्हावं म्हणूनच हा प्रश्न विचारायचा असतो.

प्रश्नाच्या बांधणीबद्दल थोडंसं. तीन पर्याय पुरेत. मायकेल रॉड्रिग्ज यांनी 2005 मध्ये बहुपर्यायी प्रश्नांवरच्या 80 वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला आणि तीन पर्याय सर्वांत योग्य असा निष्कर्ष काढला. चौथा पर्याय आपण बहुधा जागा भरायला लिहितो आणि तो कोणी निवडत नाही. "वरीलपैकी सर्व" तर काढूनच टाका, तो दिसला की लोक डोळे मिटून टिक करतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. बरोबर उत्तर सगळ्यांत लांब लिहायची आपल्याला सवय असते, तीही मोडायला हवी, कारण कामगारांना ती चटकन ओळखता येते. "खालीलपैकी कोणती गोष्ट करू नये असे नाही" अशा उलट्यापालट्या वाक्यांनी माणसाच्या वाचनाची परीक्षा होते, सुरक्षेची नाही.

आता वेळेबद्दल, आणि इथे मला सगळ्यांत जास्त आग्रह धरायचा आहे. वर्षातून एकदा पंचवीस प्रश्न विचारण्यापेक्षा आठवड्याला एकच विचारा. हे माझं मत आहेच, पण त्याच्या पाठीशी भक्कम अभ्यासही आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांना पुन्हा वाचायला दिले, काही न बघता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवत होतं, 81 टक्के विरुद्ध 75. पण आठवड्याने चित्र उलटलं. दोनदा वाचलेल्यापैकी 42 टक्केच उरलं होतं आणि एकदा आठवून लिहिलेल्यापैकी 56 टक्के. आठवायचा प्रयत्न केल्यानेच गोष्ट डोक्यात रुजते. आपलं वर्गातलं प्रशिक्षण बहुतांशी स्लाइड पुन्हा पुन्हा दाखवण्यावर चालतं, आणि प्रशिक्षणानंतर लगेच परीक्षा घेतली की गुणही छान येतात. त्या गुणांवर विसंबू नका. पाच मिनिटांनंतरचे गुण आणि आठवड्यानंतर शॉपफ्लोअरवर जे उरतं, यात फरक आहे. गेल्या सोमवारी शिकवलेलं या सोमवारी विचारा, आणि पुन्हा महिन्याने विचारा.

यासाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. टूलबॉक्स टॉक रोज होतोच. शिफ्टच्या सुरुवातीची ती दहा मिनिटं बहुतेक वेळा सूचना वाचण्यात जातात आणि माणसं उभ्या उभ्या घड्याळ बघतात. त्यातली तीन मिनिटं एका प्रश्नाला द्या.

हात वर करायला सांगू नका. हात वर करताना प्रत्येक जण आधी शेजाऱ्याकडे बघतो आणि सुपरवायझरचा हात जिकडे जाईल तिकडे सगळे जातात. प्रत्येकाला तीन रंगांची तीन कार्डं द्या, पिवळं, निळं, पांढरं. प्रश्न मोठ्याने दोनदा वाचा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम कार्ड छातीशी धरायचं. समोर उभ्या माणसाला एका नजरेत कळतं की पिवळी किती आणि निळी किती. लगेच उत्तर सांगू नका. पिवळ्याला विचारा, तू का पिवळं धरलंस? निळ्याला विचारा. त्यांना एकमेकांशी बोलू द्या. मग उत्तर सांगा, कारणासकट.

उत्तर मात्र तिथल्या तिथे सांगितलंच पाहिजे. निकाल नोटीस बोर्डावर पुढच्या आठवड्यात लावू, असं चालणार नाही. याचं कारण रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांच्या 2005 च्या अभ्यासात आहे: बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पर्याय माणूस निवडतो आणि मग तोच खरा म्हणून लक्षात ठेवतो. ओल्या रुमालाचा पर्याय आपण छापला, तो कोणी निवडला आणि त्याला चूक कोणी सांगितलीच नाही, तर आपणच त्याला ओला रुमाल शिकवला असं होतं. उत्तर ताबडतोब सांगितलं की हा धोका कमी होतो. याची दुसरी बाजूही आशादायक आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी 2001 मध्ये दाखवलं की ज्या उत्तराबद्दल माणसाला पक्की खात्री असते आणि ते चुकतं, ती चूक दुरुस्त केल्यावर सगळ्यांत चांगली लक्षात राहते. म्हणून कार्ड धरल्यावर आणखी एक विचारत चला: "पक्कं माहीत आहे की अंदाज?" ज्याला पक्कं माहीत आहे आणि चुकतंय, तो आपल्या कारखान्यातला सगळ्यांत धोक्यातला माणूस आहे, कारण तो विचारायला येणार नाही. आणि त्यालाच शिकवणं सगळ्यांत फळतं.

भाषेचा मुद्दा घाईत टाळू नका. आज चाकणला, तारापूरला, लोट्याला कामावर असणारी निम्मी-अर्धी माणसं कंत्राटी असतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली, मराठवाड्यातून आलेली. त्यांतल्या काहींना वाचताना अडखळायला होतं, आणि आपण त्यांच्या हातात इंग्रजी प्रश्नपत्रिका देतो किंवा मोबाइलवर गूगल फॉर्मची लिंक पाठवतो. मग सुपरवायझर शेजारी उभा राहून "हे टिक कर, हे टिक कर" सांगतो आणि कागदोपत्री शंभर टक्के उत्तीर्ण. कोणत्याही कारखान्याने याचा हिशोब मांडला तर बहुधा हेच दिसेल की प्रश्नमंजुषेची बक्षिसं ऑफिसातल्या आणि क्वालिटी लॅबमधल्या लोकांनी नेली, आणि ज्यांचा हात रोज मशीनमध्ये जातो त्यांना त्या वेळी शिफ्ट होती. प्रश्न वाचून दाखवता येतो. फोटो दाखवता येतो. वस्तू हातात देता येते.

वस्तू हातात देण्यासारखी दुसरी प्रश्नमंजुषा नाही. सीओटूचा अग्निशामक आणा आणि विचारा: यावर प्रेशर गेज का नाही? तो भरलेला आहे हे कसं कळेल? (वजन करून.) सोडताना हॉर्न हाताने का धरू नये? (तो इतका गार होतो की कातडी होरपळते.) लहान बंद पॅनल रूममध्ये तो सोडला तर पुढे काय करायचं? (बाहेर यायचं, कारण तो वायू तिथला ऑक्सिजन हटवतो.) या चार प्रश्नांनी जे होतं ते दोन तासांच्या स्लाइडने होत नाही.

कॉस्टिक किंवा अॅसिडवर काम असेल तर आणखी एक करून बघा. एखाद्या ऑपरेटरला त्याच्या रोजच्या जागेवर उभं करा, डोळे मिटायला सांगा, शेजारी एक माणूस सांभाळायला ठेवा आणि म्हणा, डोळ्यात थेंब उडालाय, आय वॉशपर्यंत जा. आय वॉश सुमारे दहा सेकंदांत गाठता आला पाहिजे असं अमेरिकन मानक सांगतं, आणि डोळे निदान 15 मिनिटं धुवावे लागतात. एका कारखान्यात हे करताना मी पाहिलं. तो माणूस चार पावलं गेला आणि रस्त्यात उभ्या ठेवलेल्या ड्रमला अडला. ड्रम रोजच तिथे असायचे, डोळे उघडे असताना ते कोणाला अडचणीचे वाटत नव्हते. दुसरा पोचला तर त्याला पॅडल सापडेना. आणि पाणी सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं गंजाचं पाणी आलं. बघणाऱ्या सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. त्या दिवशी दुपारच्या आत ड्रम हलले, जमिनीवर पिवळा पट्टा मारला गेला आणि आय वॉश आठवड्यातून एकदा सोडून बघायचा असं ठरलं. प्रश्न एका माणसाला विचारला होता आणि उत्तर व्यवस्थेने दिलं.

लोकांना गोडी लागावी म्हणून काय करायचं, असं मला नेहमी विचारतात. हल्ली कहूटसारखी अॅप आहेत, संगीत वाजतं, घड्याळ उलटं चालतं, आधी उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. ऑफिसातल्या वाढदिवसाला ती छान आहेत. सुरक्षेच्या प्रश्नाला घड्याळ लावू नका. परमिटवर सही करायच्या आधी थांब, बघ, विचार कर, असं आपण दिवसभर सांगतो, आणि मग खेळात घाई करणाऱ्याला बक्षीस देतो. माणूस बक्षिसातून शिकतो. स्पर्धा हवीच असेल तर शिफ्ट विरुद्ध शिफ्ट लावा, आणि गुण वेगाला न देता कारण नीट सांगण्याला द्या.

आणि गोडी लावायचा सगळ्यांत साधा मार्ग असा की प्रश्न कामगारांकडून मागवा. ज्याचा प्रश्न निवडला त्याचं नाव घेऊन तो टूलबॉक्स टॉकमध्ये वाचा. डबा, बॅग, घड्याळ ही बक्षिसं लोक आनंदाने घेतात, जरूर द्या. पण आपण विचारलेल्या प्रश्नावर अख्खी शिफ्ट विचार करतेय हे बघताना माणसाची मान ताठ होते. पुढच्या आठवड्यात तोच चार प्रश्न घेऊन येतो.

आता चुकलेल्या उत्तरांचं काय करायचं? चाळीसपैकी तीस जण एकच चूक करत असतील तर तीस माणसं कच्ची आहेत असं होत नाही. लेबल चुकीचं आहे, एसओपी वाचता येत नाही, ट्रेनिंग अर्धवट झालंय किंवा कामाची जागाच अशी आहे की बरोबर गोष्ट करणं अवघड जातं, यातलं काहीतरी आहे. ते शोधा. लॉकआउटचं कुलूप कोणी काढायचं या प्रश्नाला अर्धे लोक "सुपरवायझरने" म्हणत असतील तर शिफ्ट बदलताना तुमच्याकडे सुपरवायझरच कुलूप काढतो आहे. ज्याने लावलं त्यानेच काढायचं हा नियम भिंतीवर लिहून काही होणार नाही, शिफ्ट बदलाची पद्धत बदलावी लागेल. उलट सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर येत असतील तर प्रश्न सोपे आहेत किंवा कोणीतरी सांगतंय. ऑडिटसाठी शंभर टक्क्यांचा कागद दिसायला बरा असतो, पण त्यातून आपल्याला कळत काही नाही.

कृपा करून हे गुण अप्रेझलला जोडू नका, कंत्राटदाराला पाठवू नका, बोर्डावर नावानिशी लावू नका. एकदा का चुकीच्या उत्तरामुळे कोणाची हजेरी किंवा कंत्राट धोक्यात आलं, की त्या दिवसापासून कोणीही मनातलं उत्तर देणार नाही. सगळे शेजाऱ्याचं कार्ड बघतील. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात कलम 41-ब आलं आणि धोक्याच्या कारखान्यात कामगाराला धोक्यांची माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं. माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात आला, त्याची कसोटी म्हणून नव्हे. ती पोचली की नाही हे तपासण्याची जबाबदारी माहिती देणाऱ्याची.

माझं सगळं बोलणं कारखान्याचं झालं, कारण मला तोच मुलूख माहीत आहे. पण ऑफिसात बसणाऱ्यांनाही हे लागू आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं ट्रेनिंग सगळीकडे होतं, आणि शेवटी प्रश्न येतो, "हा कायदा कोणत्या वर्षी झाला?" त्याऐवजी विचारा: "कंपनीने दिलेल्या कॅबमधून रात्री घरी जाताना सहकाऱ्याने त्रास दिला. ही तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते का?" बरेच जण नाही म्हणतील, कारण कॅब म्हणजे ऑफिस नव्हे असं वाटतं. कायद्यात मालकाने पुरवलेली वाहतूकही कामाच्या ठिकाणात धरली आहे, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. हे एक उत्तर एखाद्या मुलीला वेळेवर माहीत असणं, याची किंमत कायद्याचं वर्ष पाठ असण्याहून कितीतरी मोठी आहे.

तेव्हा मार्चची वाट बघू नका. या आठवड्यात रजिस्टर उघडा, एक प्रसंग निवडा, त्याचा एक प्रश्न करा, तीन पर्याय लिहा आणि जुन्या ऑपरेटरला आधी वाचून दाखवा. तो "असं नसतं साहेब" म्हणाला तर त्याचं ऐका आणि प्रश्न बदला. आणि सुरुवात जनरल शिफ्टपासून करू नका. रात्रपाळीच्या टूलबॉक्स टॉकला स्वतः उभे राहा आणि पहिला प्रश्न कंत्राटी कामगारांना विचारा.